टिप्स, पोटातलं पाणी आणि हवेची गादी: अभ्यासातले आकडे आपल्या माणसाला कितपत लागू?

मुठेकाठची

नमस्कार. इथे लिव्हरच्या रुग्णांची काळजी घेणारे बरेच जण आहेत, वैद्यकीय क्षेत्रातलेही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा ६८ वर्षांचे. दारूचा थेंब कधी घेतला नाही. जुना मधुमेह, त्यातून फॅटी लिव्हर आणि आता सिरॉसिस, म्हणजे लिव्हर निबर होणं. (भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न "घ्यायचे का हो?" हाच असतो. बाबांना ते फार लागतं, आईला त्याहून जास्त. कृपया कुणाला असं विचारू नका.) पोटातलं पाणी आता गोळ्यांना दाद देत नाही. डोस वाढवला की सोडियम घसरतं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, चढतं. त्यामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी टॅपिंग, म्हणजे सुईने पोटातलं पाणी काढणं, करावं लागतं. आता डॉक्टरांनी टिप्स सुचवली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आतड्यांकडून आणि प्लीहेकडून येणारं रक्त पोर्टल शिरेतून लिव्हरमध्ये जातं. लिव्हर निबर झालं की ते पुढे सरकत नाही आणि मागे दाब वाढतो. खडकवासल्याचा विसर्ग वाढला की मुठेचं पाणी जसं भिडे पुलावर चढतं आणि एकतानगरीत शिरतं, तसं हे रक्त अन्ननलिकेच्या बारीक शिरांमध्ये घुसतं. त्या शिरा फुगतात, कधी फुटतात. पोटात पाणी साठण्याचं मूळही याच दाबात आहे. टिप्समध्ये मानेतल्या शिरेतून तार घालून लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेपर्यंत जातात, तिथून लिव्हरच्या आतूनच पोर्टल शिरेत सुई नेतात आणि दोन्ही शिरा जोडणारी अस्तर लावलेली जाळीची नळी बसवतात. पोट फाडावं लागत नाही. दाब लगेच उतरतो. पण त्याबरोबर लिव्हरमध्ये न गाळलेलं रक्त थेट हृदयाकडे आणि मेंदूकडे जायला लागतं. भीती त्याचीच आहे.

मी दोन अभ्यास वाचले. एक २०१० चा, युरोपातला: रक्तस्राव झालेल्या रुग्णांना लवकर टिप्स केली तर वर्षभरानंतर ८६ टक्के हयात होते, बाकीच्यांत ६१ टक्के. दुसरा २०१७ चा, फ्रान्सचा: पुन्हा पुन्हा पाणी साठणाऱ्या ६२ रुग्णांत वर्षभर प्रत्यारोपणाशिवाय जगलेले टिप्सच्या गटात ९३ टक्के आणि टॅपिंगच्या गटात ५२ टक्के. हे आकडे वाचून घरात सगळे म्हणाले, मग वाट कसली बघायची, उद्याच करून घेऊ.

पण मला एक प्रश्न सोडत नाही. बाबा त्या अभ्यासासाठी तिथे गेले असते, तर त्यांना आत घेतलं असतं का? नसतं, तर ते ९३ टक्के आमचे कसे?

दुसरा विषय. पोट ताठ असलं की बाबांना आडवं झोपवत नाही, दम लागतो. म्हणून ते दिवसभर पाठीमागे उशा लावून अर्धवट बसलेले असतात. माकडहाडावर लाल चट्टा आलाय. भाड्याने साहित्य देणारे म्हणाले, "हवेची गादी न्या, बेडसोर होणारच नाही." याला काही पुरावा आहे का?

यकृतवाला

ताई, नेमका हाच प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या नातेवाइकांनी विचारावा असं मला फार वाटतं.

२०१० चा अभ्यास बाबांसाठी बाजूला ठेवा. तो शिरा फुटून रक्तस्राव झालेल्यांचा आहे आणि टिप्स ७२ तासांच्या आत केली होती. साडेतीनशेच्या आसपास रुग्ण चाळून त्यातले फक्त ६३ घेतले होते. वय ७५ च्या वर नको, चाइल्ड-प्यू गुण (लिव्हर किती बिघडलंय त्याचं माप) १३ च्या वर नको, क्रिएटिनिन ३ च्या वर नको, अशा अटी होत्या. आकडे चांगले आले त्यात नळीचा वाटा आहेच, पण या निवडीचाही आहे.

२०१७ चा अभ्यास मात्र बाबांच्या जवळ जातो. फक्त त्यातही एक अट होती: आधीच्या तीन महिन्यांत सहापेक्षा जास्त वेळा टॅपिंग झालेल्यांना घेतलं नव्हतं. म्हणजे आजार हाताबाहेर गेलेले बाहेरच राहिले. दर दोन-तीन आठवड्यांनी म्हणजे तीन महिन्यांत चार ते सहा वेळा. बाबा काठावर आहेत, पण आत आहेत. दर आठवड्याला टॅपिंग होईपर्यंत थांबलात तर तुम्ही त्या अभ्यासाच्या बाहेर गेलात असं समजा.

आता दुसरी बाजू. त्यातल्या बहुतेकांचा सिरॉसिस दारूमुळे झालेला होता. दारू सुटली की असं लिव्हर काही प्रमाणात स्वतःहून सावरतं आणि टिप्सने तेवढा वेळ मिळवून दिलेला असतो. मधुमेहातून आलेल्या सिरॉसिसमध्ये सोडण्यासारखी अशी एक गोष्ट नसते. त्यातून मधुमेहींचं हृदय आतून ताठर झालेलं असू शकतं, आणि टिप्सनंतर हृदयाकडे येणारं रक्त एकदम वाढतं. म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. अहवालात नुसतं "पंपिंग ६० टक्के" बघून थांबू नका. हृदय सैल कसं पडतं आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब किती आहे, हे विचारा.

युरोपच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, पाणी साठण्यासाठी टिप्स करताना बिलिरुबिन ३ च्या वर आणि प्लेटलेट ७५ हजारांच्या खाली असतील तर ती करू नये. चालू असलेला जंतुसंसर्ग, झपाट्याने बिघडणारी किडनी, हृदयाचा गंभीर दोष, फुप्फुसाच्या धमनीतला वाढलेला दाब आणि वारंवार होणारी एन्सेफॅलोपथी, म्हणजे लिव्हरमुळे येणारा बुद्धिभ्रम, यांतही नाही. बाबांचे हे आकडे काय आहेत?

हिरवा_चाफा

वाचते आहे. मुठेकाठची, "घ्यायचे का" या प्रश्नाबद्दल तंतोतंत. आमच्याकडे आईला विचारायचे.

मुठेकाठची

@यकृतवाला, मनापासून आभार. बिलिरुबिन २.१, प्लेटलेट ८८ हजार, क्रिएटिनिन १.३. भ्रमाचा एक सौम्य प्रकार झाला होता. बद्धकोष्ठ झालं होतं, लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारं औषध सुरू केल्यावर दोन दिवसांत उतरला. इको जुना आहे, नवा करून घेते.

निवृत्त_सिस्टर

बाळ, आधी तो चट्टा. गादीचं नंतर बघू.

बोटाने दाबून सोड. दाबल्यावर पांढुरकं होऊन परत लाल झालं तर वेळ आहे. लाल ते लालच राहिलं तर ती बेडसोरची पहिली पायरी, कातडी शाबूत दिसली तरी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली कित्येकदा दिसतच नाही. म्हणून रोज तळहाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघायचं. आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, टणक लागतंय का, की दलदलीत मऊ, हे हाताला कळतं. त्या जागेवर मालीश अजिबात करायची नाही. आतली नाजूक झालेली कातडी त्याने जास्त दुखावते.

लिव्हरच्या पेशंटला बेडसोर का होतो ते समजून घे. मांडी-ढुंगणाचं मांस गेलेलं असतं, हाड थेट कातडीला टेकतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी, त्यामुळे सूज. लॅक्ट्युलोजने पातळ शौचाला होते, जागा ओली राहते. आणि तू लिहिलंस ते उशा लावून बसणं. त्यात माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला धरून राहते आणि हाड आतल्या आत सरकतं. या ओढाताणीनं आतल्या बारीक रक्तवाहिन्या पिळवटतात. नुसत्या वजनापेक्षा हे वाईट.

म्हणून: पाठ जमेल तेवढी तीस अंशांपर्यंतच ठेवायची. जास्त उंच करावीच लागली तर आधी गुडघ्याखाली उशी, मग पाठ वर. म्हणजे घसरत नाही. कुशीवर झोपवताना पूर्ण काटकोनात नको, पाठीमागे उशी देऊन तिरकं, तीस अंशच. पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या. मधे भोक असलेली गोल उशी बाजारात मिळते, ती आणायची नाही. भोकाच्या कडेला दाब वाढतो आणि मधल्या कातडीला रक्त कमी पडतं. शौचाला झाली की कोमट पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मग झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावायचं.

आणि टॅपिंगची तारीख पुढे ढकलू नकोस. पोट हलकं झालं की माणूस आपणहून कूस बदलतो.

आकडेमोड

माझं काम संख्याशास्त्राचं, वैद्यकशास्त्राचं नाही. तेवढ्यापुरतं लिहितो.

हवेच्या गाद्यांवरचा सर्वांत मोठा अभ्यास ब्रिटनमधला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. बेडसोरचा धोका जास्त असलेले २,०२९ रुग्ण. निम्म्यांना आळीपाळीने फुगणाऱ्या हवेच्या गाद्या, निम्म्यांना चांगल्या दर्जाच्या फोमच्या गाद्या. कातडी फुटलेले नवे बेडसोर हवेच्या गादीवर ६.९ टक्के, फोमवर ८.९ टक्के. फरक हवेच्या गादीच्या बाजूने आहे, पण तो योगायोगाने आलेला नाही असं खात्रीने म्हणता येईल इतका स्पष्ट नाही. आणि दुकानदार म्हणतो तसं "होणारच नाही" हे कुठल्याच गटात घडलं नाही. तज्ज्ञ परिचारिका, दर्जेदार गाद्या, नियमित तपासणी एवढं सगळं असूनही शंभरात सात ते नऊ जणांना झालेच.

इथे ताईंचाच प्रश्न पुन्हा विचारायला हवा. हे लोक रुग्णालयात होते. घरी रात्री एकटी आई उठणार असेल, गादीत हवा किती भरायची हे कुणी दाखवलेलं नसेल, तर ६.९ हा आकडा आपल्या घरचा नाही.

औषधाच्या चाचणीत खरी गोळी कुणाला मिळाली आणि खोटी कुणाला, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवता येतं. गादी लपवता येत नाही, टिप्सही सहसा लपवता येत नाही. परिचारिकेला दिसतं की हा हवेच्या गादीवर आहे, आणि नकळत तिचं लक्ष त्याच्याकडे कमी किंवा जास्त जाऊ शकतं. उपकरणांचे अभ्यास वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. म्हणून त्यांत 'मृत्यू झाला की नाही' यासारखा, मत लागत नाही असा निकष असेल तर त्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

'आत कोण, बाहेर कोण' याने निकाल कसा फिरतो याचं चांगलं उदाहरण अल्ब्युमिनचं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीच्या अभ्यासात ४३१ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना घरी राहून दर आठवड्याला ४० ग्रॅम अल्ब्युमिन दिलं (पहिले दोन आठवडे दुप्पट). दीड वर्षानंतर त्यांच्यात ७७ टक्के हयात, न दिलेल्यांत ६६ टक्के. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या अभ्यासात ७७७ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना रुग्णालयात रक्तातली पातळी वर नेण्यासाठी रोज अल्ब्युमिन दिलं. फायदा शून्य, उलट फुप्फुसात पाणी होण्याचं प्रमाण वाढलं. दोन्ही अभ्यास चोख. एकात स्थिर, घरी असलेले लोक होते, दुसऱ्यात अचानक बिघडून भरती झालेले. बाटली तीच, माणूस वेगळा.

यकृतवाला

+१. फक्त कुणी यावरून टॅपिंगच्या वेळचं अल्ब्युमिन नाकारू नका. पाच लिटरच्या वर पाणी काढलं तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम द्यावंच लागतं. आठ लिटर काढलं तर २० ग्रॅमच्या साधारण तीन बाटल्या. बाटली महाग पडते म्हणून ती वगळून पाणी काढून घेणारे लोक मी पाहिलेत, आणि आठवड्याभरात किडनी बसलेलीही पाहिली आहे.

जुन्नरकर

राम राम. आमच्या थोरल्या दादाचं टिप्स पुण्यातच झालं. मी शेतकरी माणूस, अभ्यास-बिभ्यास वाचलेला नाही, पण नंतर घरी काय होतं ते सांगतो. ते कुणी सांगत नाही.

पाणी पहिल्या दिवशी बंद होत नाही. आमच्याकडं हळूहळू कमी होत गेलं, मधे दोनदा काढावंही लागलं. सगळ्यांना वाटलं फुकट गेलं. फुकट गेलं नव्हतं, वेळ लागतो.

डोक्याचं मात्र जपावं लागतं. वहिनीनं एक वही केली. रोज सकाळी चहाच्या आधी दादानं तारीख घालायची, गावाचं नाव लिहायचं आणि सही करायची. दादाची सही एकदम ठसठशीत, सोसायटीच्या कागदांवर आयुष्यभर केलेली. एके दिवशी आडनावातला 'र' दोनदा आला आणि रेघ खाली उतरली. बोलणं अगदी चांगलं होतं, आम्हाला कुणाला काही कळलं नसतं. वहिनीनं वही बघितली आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. आदल्या दिवशी लग्नाला यष्टीनं गेलो होतो. वाटेत अडचण नको म्हणून दादानं औषध घेतलं नव्हतं, शौचाला झाली नव्हती. तेवढंच कारण. औषधाचा डोस वाढवून घरीच निभावलं.

दिवसाला दोन-तीन वेळा सैल शौचाला झालीच पाहिजे, हा आमच्या घरचा नियम.

यकृतवाला

जुन्नरकर दादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा. हस्ताक्षर बिघडणं ही या आजाराची जुनी आणि खरी खूण आहे.

टिप्सनंतर साधारण तिघांपैकी एकाला, काही अभ्यासांत निम्म्यांनाही, भ्रमाचा त्रास होतो. तो कमी करण्याचे दोन मार्ग अभ्यासले गेलेत. एक, नळी १० ऐवजी ८ मिलिमीटर व्यासाची ठेवणं. २०१७ च्या एका अभ्यासात त्याने भ्रमाचं प्रमाण कमी झालं. दुसरा, रिफॅक्सिमिन, आतड्यातल्या जंतूंवर काम करणारी गोळी. २०२१ मध्ये फ्रान्सच्याच गटाने १९७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत टिप्सच्या दोन आठवडे आधीपासून ते सुरू केलं. भ्रम झालेल्यांचं प्रमाण ३४ टक्के, खोट्या गोळीच्या गटात ५३ टक्के. लक्षात घ्या, औषध घेऊनही तिघांतल्या एकाला झालाच. ताई, बाबांना आधी एकदा सौम्य भ्रम होऊन गेला आहे, म्हणून हे दोन्ही प्रश्न टिप्स करणाऱ्या रेडिओलॉजिस्टना जरूर विचारा.

कर्वेनगर_काका

ताई, एवढी चिरफाड करण्याआधी गुळवेलीचा काढा देऊन बघा. निसर्गाची देणगी आहे, अपाय तर नाही.

यकृतवाला

काका, तुमची तळमळ कळते, पण हे थांबवायला हवं. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली होती, तीही सांगतो. निरोगी माणसाबद्दल मी वाद घालणार नाही. पण सिरॉसिसमध्ये राखीव असं लिव्हर उरलेलंच नसतं. तिथे छोटी इजाही प्रत्यारोपणापर्यंत नेऊ शकते. काढा, भस्म, पावडर, जिमचं प्रोटीन, काहीही सुरू करण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. दुखण्यावर मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्याही नकोत, किडनी जाते.

कर्वेनगर_काका

हे माहीत नव्हतं. शेजारच्यांना सांगतो, त्यांच्याकडे रोज काढा होतो.

निळी_शाई

मी एका रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीवर सामान्य नागरिक म्हणून सदस्य आहे. (नाव लिहीत नाही.) इथले काही जण पुण्यात चालू असलेल्या चाचण्यांमध्ये भाग घेण्याचा विचार करत असतील, त्यांच्यासाठी लिहितो.

भारतात होणाऱ्या औषधचाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असते. ते २००७ मध्ये सुरू झालं आणि १५ जून २००९ पासून नोंद सक्तीची आहे. तिथे आजाराचं नाव टाकून शोधा. प्रत्येक चाचणीच्या पानावर कोणत्या गावात कोणत्या रुग्णालयात ती चालू आहे ते दिलेलं असतं, पुणे असेल तर लगेच दिसतं. त्याच पानावर 'कोणाला घेणार' आणि 'कोणाला घेणार नाही' असे दोन भाग असतात. मुठेकाठची विचारताहेत त्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. लोक ते ओलांडून पुढे जातात.

औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत, उपकरणांना २०१७ चे. संमतिपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळणं हा तुमचा हक्क आहे. मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा, तिथल्या तिथे सही करू नका. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाईही. गंभीर घटना घडली तर ती मुख्य संशोधकाने २४ तासांत कळवायची असते.

समितीत बसल्यावर मी एकच आग्रह धरतो. पत्रकातलं मराठी वाचून माझ्या आईला कळेल का? कित्येक पत्रकं इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून उतरवलेली येतात, ती मी परत पाठवतो. माझ्या मते रुग्णाला न कळलेल्या कागदावरची सही ही संमतीच नव्हे.

बाणेर_रहिवासी

पोटातलं पाणी आपोआप लघवीच्या पिशवीत टाकणारा एक पंप निघाला आहे असं व्हिडिओत पाहिलं. तो टिप्सपेक्षा बरा नाही का?

यकृतवाला

अल्फापंप. पोटाच्या कातडीखाली बसवतात. एक नळी पोटातल्या पाण्यात, दुसरी मूत्राशयात. बॅटरी बाहेरून, कातडीवर उपकरण टेकवून चार्ज करायची. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. कल्पना सुंदर आहे, ज्यांना टिप्स करता येत नाही त्यांच्यासाठी विशेष. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या चाचणीत टॅपिंग खूप कमी झालं तरी आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, आणि किडनीचे व इतर त्रास जास्त झाले. हा पंप पाणी काढतो, पोर्टल शिरेतला दाब तसाच राहतो.

मुठेकाठची

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. रात्री बाबांना झोपवून एक कागद केला. डावीकडे २०१७ च्या अभ्यासातल्या अटी, उजवीकडे बाबा. टॅपिंगची संख्या बसते. आजाराचं कारण जुळत नाही. भ्रम एकदा झालाय. सोमवारी इको आहे.

तो कागद बाबांनी स्वतः वाचला. म्हणाले, "म्हणजे ९३ नाही आणि ५२ही नाही, मधलं कुठेतरी. चालेल, पण डोकं शाबूत राहिलं पाहिजे." त्यांना काय हवंय हे इतके दिवस घरात विचारलंच गेलं नव्हतं, आम्ही आकड्यांवरच बोलत होतो. आता डॉक्टरांशी बोलताना आठ मिलिमीटरची नळी आणि रिफॅक्सिमिन हे दोन प्रश्न तेच विचारणार आहेत.

सिस्टर, चट्टा दाबल्यावर पांढरा होतो. गुडघ्याखाली उशी दिल्यापासून घसरणं थांबलं. गादीचं काय करू?

निवृत्त_सिस्टर

पांढरा होतो म्हणजे छान. गादी आण, माझा विरोध नाही. रात्री आईला एकटीला कूस बदलून देणं होत नसेल तर मदतच होते. पण कशी वापरायची ते ऐक.

भाड्याच्या दुकानात दोन प्रकार असतात. बुडबुड्यांची पातळ, आणि आडव्या नळ्यांची जाड. नळ्यांची घे. ती आपल्या गादीवर अंथरायची, वर एकच सैल चादर. जाड रजई, प्लास्टिक, घडी घातलेला टॉवेल यांचे थर घातले तर हवेचा उपयोगच राहत नाही. पंपावर वजनाची खुंटी असते, ती बाबांच्या वजनावर लाव. मग बाबा झोपलेले असताना तळहात वर करून गादीखाली, बरोबर माकडहाडाच्या खाली सरकव. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. मधे इंचभर तरी फुगलेली गादी लागली पाहिजे. पाठ उचलून बसवलं की पुन्हा बघ, बसल्यावर सगळं वजन एका जागी येतं.

आणि कूस बदलणं बंद करायचं नाही.

आकडेमोड

कूस बदलण्याबद्दल: अमेरिका-कॅनडातल्या वृद्धाश्रमांत ९४२ जणांवर २०१३ चा अभ्यास आहे. दाट फोमच्या गादीवर दर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली तरी बेडसोरच्या प्रमाणात फरक पडला नाही. तुमच्या आईला रात्री दर दोन तासांनी उठणं झेपत नसेल तर हे डॉक्टरांना सांगून अंतर ठरवता येईल. मात्र त्यांत पोटात पाणी असलेले रुग्ण वेगळे मोजलेले नाहीत, म्हणून सकाळी चट्टा बघूनच पुढचं ठरवा.

हिरवा_चाफा

एक व्यवहारातली गोष्ट. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती असली की आमच्या भागात सकाळीच वीज जाते आणि पंप बंद पडतो. गादी बसली की माणूस खालच्या कडक पृष्ठभागावर येतो आणि झोपेत असला तर सांगतही नाही. आम्ही पंप इन्व्हर्टरवर घेतला, त्याला वीज फारच थोडी लागते. इन्व्हर्टर नसेल तर खाली चांगली फोमची गादी असू द्या, नुसती फळी नको. नळी पंपातून काढून टोक बंद करता येत असेल तर हवा बराच वेळ टिकते, दुकानदाराकडून ते आधीच शिकून घ्या.

निवृत्त_सिस्टर

आणि खाणं. लिव्हर बिघडलं की वरण, अंडी, पनीर बंद करायची जुनी पद्धत होती, अजून कित्येक घरांत चालते. तसं करू नका. वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर मांस झडतं, आणि मग बेडसोरही भरत नाही. मीठ मात्र दिवसाला एक चमचा, तोही सपाट. लोणचं, पापड, फरसाण नाही. रात्री झोपताना काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. दशमी-दूध, मुगाचं धिरडं, मूठभर फुटाणे, मधुमेह सांभाळून जे चालेल ते. रात्रभर उपाशी राहिलं की हे शरीर स्वतःचंच मांस जाळतं.

नवी_सभासद

नमस्कार, पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या आईला अजून पाणी नाही, रक्तस्राव नाही. हिपॅटायटिस सी होता, गोळ्यांनी बरा झाला. आता फायब्रोस्कॅन (लिव्हर किती निबर झालंय ते मोजणारी तपासणी) २७ आलं, प्लेटलेट ९५ हजार. "काळजी नको, सहा महिन्यांनी या" असं सांगितलं. हा धागा वाचून धास्तावले आहे. आत्ता काही करता येतं का?

यकृतवाला

करता येतं, आणि याच टप्प्यावर सर्वांत जास्त करता येतं. फायब्रोस्कॅन २५ किंवा त्याहून जास्त असेल तर पोर्टल शिरेतला दाब धोक्याच्या रेषेवर, म्हणजे पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या पुढे गेला आहे असं बहुतेक वेळा धरतात. सी बरा झाल्यानंतर हा आकडा हळूहळू उतरूही शकतो, त्यामुळे स्कॅन उपचाराआधीचं की नंतरचं ते बघा.

स्पेनमध्ये आठ रुग्णालयांत आईसारख्याच, अजून काहीही न बिघडलेल्या २०१ रुग्णांवर चाचणी झाली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या कित्येकांना हिपॅटायटिस सीच होता. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांत पाणी होणं, रक्तस्राव, भ्रम किंवा मृत्यू यांपैकी काही घडण्याचं प्रमाण १६ टक्के, खोट्या गोळीवर २७ टक्के. फायदा मुख्यतः पोटात पाणी न होण्यात दिसला. या रक्तदाबाच्या जुन्या आणि स्वस्त गोळ्या आहेत.

स्वतःहून सुरू करू नका. आईला दमा आहे का, नाडी आणि रक्तदाब किती, हे बघून लिव्हरचे डॉक्टर ठरवतील. वरचा रक्तदाब ९० च्या खाली जात असेल तर नाही. पुढच्या भेटीला सहा महिने थांबू नका, या आठवड्यात जा आणि "कार्व्हेडिलॉल आईला चालेल का?" असं थेट विचारा. दर सहा महिन्यांची सोनोग्राफीही सुरू ठेवा. सी गेला तरी सिरॉसिसमध्ये कर्करोगाचा धोका जात नाही.

नवी_सभासद

स्कॅन उपचारानंतरचं आहे. दमा नाही, रक्तदाब १३०/८० असतो. शुक्रवारची वेळ घेतली आहे.